एकशे अठरा मीटर

२०२२ च्या दिवाळीत गावी गेलो, तेव्हा आईनं फराळाच्या ताटाबरोबरच डासांची तक्रार पुढं ठेवली. आमच्या गल्लीतलं गटार उघडं आहे. मारुतीच्या देवळापासून वेशीपर्यंत पाणी वाहून जायला हवं, पण उतार मधेच उलटा पडल्यानं ते देवळापाशीच तुंबतं. "पंचायतीला इचार की काहीतरी. लोकांचे हिशेब बघतोस, गावाचा बघ एकदा," आई म्हणाली. माझं हिशेब बघणं म्हणजे तालुक्याच्या गावी एका करसल्लागाराकडं जीएसटीची विवरणपत्रं भरणं. ग्रामपंचायतीशी माझा संबंध रहिवासी दाखल्यापुरता.

त्या रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर 'ई-ग्रामस्वराज' उघडलं. हे केंद्र सरकारचं पोर्टल २४ एप्रिल २०२० ला, पंचायत राज दिनी सुरू झालं. देशातल्या ग्रामपंचायतींचा आराखडा, जमा, खर्च असं सगळं त्यावर दिसतं. लॉगिन लागत नाही, ओळख लागत नाही. वर्ष निवडायचं, मग राज्य, जिल्हा, तालुका, गाव. वीस मिनिटांत मी आमच्या गावच्या २०२१-२२ च्या रोकडवहीत पोचलो. जमा झालेल्या पैशाच्या प्रमाणकापुढं, म्हणजे व्हाउचरपुढं, 'आर', दिलेल्या पैशाच्या प्रमाणकापुढं 'पी'. कामाची नावं मराठीच, पण रोमन लिपीत टंकलेली, तीही जमेल तशी. 'गटार' हा शब्द तीन वेगवेगळ्या स्पेलिंगमध्ये सापडला.

आणि त्यातच एक ओळ होती: बंदिस्त गटार, मारुती मंदिर ते वेस, ११८ मीटर, २ लाख ४१ हजार रुपये, अदा.

मी उठून खिडकीतून बाहेर बघितलं. गटार उघडंच होतं. वासही येत होता.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा जो आनंद झाला तो चोर सापडल्याचा. पुढचं दीड वर्ष त्या आनंदाची थोडी थोडी फेड करत गेलं.

आकड्यांची माझी सवय जाईना. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीला २०२१-२६ या काळासाठी दोन भागांत होता: ६० टक्के बंधित, ४० टक्के अबंधित. बंधित निधीचा अर्धा स्वच्छता-सांडपाण्यावर आणि अर्धा पिण्याच्या पाण्यावर खर्चायचा. म्हणून गावोगाव गटारं आणि पाण्याची यंत्रं दिसतात, त्यात संशयास्पद काही नाही. पण २ लाख ४१ हजार हा आकडा मला खटकला. करार अडीच लाखांच्या वर गेला की ग्रामपंचायतीला ठेकेदाराच्या बिलातून जीएसटीचा २ टक्के टीडीएस कापून भरावा लागतो. माझ्या धंद्यात अडीच लाखांच्या जरा अलीकडं येऊन थांबलेली बिलं इतकी बघितलीत की असा आकडा दिसला की माझी भुवई आपोआप वर जाते. हा पुरावा नव्हे. पण मी तो पुरावा समजलो.

त्याच पानावरून आणखी दोन नोंदी टिपून घेतल्या: शाळेत हात धुण्याचं केंद्र, ८६ हजार; आणि पाण्याच्या एटीएमची दुरुस्ती, ९८ हजार ५००. पाण्याचं एटीएम म्हणजे चौकातला आरओ प्लांट. कार्ड टाकलं की वीस लिटर पाणी येतं, किंवा येत नाही.

२६ जानेवारीला झेंडावंदनानंतर ग्रामसभा असते, तिथं विचारू असं ठरवलं. आमच्या गावात मतदार तेवीसशेच्या आसपास. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यात जे कमी असेल ते. म्हणजे आम्हाला शंभर माणसं लागतात. झेंड्याला तीनशे होती. जिलेबी वाटून झाली आणि सभेला एकतीस उरली. सभा तहकूब. आठवड्यानं पुन्हा भरली, तेव्हा सव्वीस. पण तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळं ती कायदेशीर. सगळा गाव हे जाणून आहे, म्हणूनच पहिल्या सभेला कुणी थांबत नाही.

मी उभा राहून विचारलं. सरपंचताई भाऊसाहेबांकडं बघायला लागल्या. ग्रामसेवकाला आमच्याकडं भाऊसाहेबच म्हणतात. भाऊसाहेबांनी सरपंचताईंच्या यजमानांकडं बघितलं. यजमान म्हणाले, "पुढच्या सभेत सगळी माहिती ठेवू." पुढं केव्हातरी त्या सभेचं इतिवृत्त हातात आलं, तेव्हा त्यात 'ऐनवेळचे विषय' या मथळ्याखाली लिहिलं होतं: 'काही नाही.'

संध्याकाळी यजमान घरी आले, माझ्याकडं नाही, आईकडं. "काकू, पोराला काय पायजे ते सरळ सांगा म्हणावं. आपल्या आपल्यात कागद कशाला?" धमकी नव्हती त्यात. चहाही घेतला त्यांनी. पण ते गेल्यावर आई म्हणाली, "डास परवडले, बाबा."

मला वाट दाखवली ती अण्णांनी. अण्णा म्हणजे माझ्या आत्याचे दीर, शेजारच्या तालुक्यातून ग्रामविकास अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. ३१ वर्षं त्यांनी ग्रामपंचायतीचे १ ते ३३ नमुने लिहिले. नमुना ८ म्हणजे घराची आकारणी, नमुना ५ म्हणजे रोकडवही, हे ते पाढ्यासारखं सांगतात. २००५ च्या केंद्रीय कायद्याआधी महाराष्ट्राचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा होता, २००२ चा. त्या कायद्याखाली त्यांच्या पंचायतीत आलेल्या पहिल्या अर्जाला अण्णांनीच उत्तर दिलेलं. "रात्रभर झोपलो नव्हतो," ते म्हणाले. "तवा वाटलं, नोकरी गेली."

मी माझ्या माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा त्यांना दाखवला. पानभर होता. 'गटार झाले नसताना पैसे का अदा केले?' अशी सुरुवात. अण्णांनी पेन मागितलं आणि तो अख्खा परिच्छेद खोडला. "'का' विचारायचं नाही. 'का'चं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. त्याच्याकडं जो कागद आहे तोच माग. आणि दीडशे शब्दांच्या आत, एकच विषय. नाहीतर तेवढ्यावरून परत पाठवतील." राज्याच्या नियमांत ही दीडशे शब्दांची मर्यादा खरोखरच आहे. मी वर्षभराचा ताळेबंद एका कागदात बसवणारा माणूस, पण माझा राग दीडशे शब्दांत बसवायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

शेवटी मागितलं ते असं: त्या तीन प्रमाणकांची देयकं, अंदाजपत्रकं, तांत्रिक व प्रशासकीय मान्यता, मोजमाप पुस्तिकेतली संबंधित पानं, काम पूर्ण झाल्याचे दाखले आणि या कामांबाबतचे ठराव. अर्जाचा ठरलेला नमुना म्हणजे जोडपत्र 'अ', वर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. आधी ऑनलाइन करायचा प्रयत्न केला होता, पण राज्याच्या माहिती अधिकार पोर्टलवरच्या यादीत आमची ग्रामपंचायत सापडली नाही. 'आपले सरकार'वर तक्रारही टाकली. 'संबंधित विभागाकडे वर्ग' असा शेरा पडून ती बंद झाली. मग पोस्टात जाऊन रजिस्टर केलं, पोचपावतीसह. पैसे ऑनलाइन दिसले, कागद मात्र पोस्टानंच मागावे लागले.

अर्ज कुणाच्या नावे करायचा ते बघायला पंचायतीच्या भिंतीवरचा बोर्ड वाचला. कायद्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक कार्यालयानं १७ बाबींची माहिती कुणी न मागता जाहीर करायची असते. आमच्या बोर्डावर त्या १७ बाबी सुबक अक्षरात रंगवलेल्या आहेत. माहिती अधिकारी म्हणून नाव होतं चार वर्षांपूर्वी बदलून गेलेल्या भाऊसाहेबांचं.

तीस दिवस गेले. चौतिसाव्या दिवशी उत्तर आलं: माहिती विस्तृत आहे, ४१२ पानं होतात, पानाला २ रुपयांप्रमाणे ८२४ रुपये भरून घेऊन जावी. तीन कामांची ४१२ पानं! अण्णा हसले. "घाबरवायला लिवलंय. पण तारीख बघ." मुदतीत माहिती दिली नाही तर ती फुकट द्यावी लागते, कलम ७(६). मार्चअखेर माझ्या कामाचा सगळ्यात वाईट काळ, तरी वेळ काढून जोडपत्र 'ब' भरलं, २० रुपयांचं स्टॅम्प लावलं आणि पहिलं अपील पंचायत समितीत दाखल केलं.

एप्रिलच्या शेवटी सुनावणी झाली. सुनावणी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं कोर्ट होतं. प्रत्यक्षात विस्तार अधिकाऱ्यांचं टेबल, त्यावर तीन तालुक्यांच्या उष्म्यानं घामाघूम झालेल्या फायली आणि बाजूला दोन खुर्च्या. एका खुर्चीत मी, दुसरीत भाऊसाहेब. साहेबांनी दोन मिनिटं कागद बघितले. भाऊसाहेबांना म्हणाले, "अहो, तारखा तरी बघायच्या." आणि आदेश लिहिला: अभिलेख दाखवावा, मागितलेल्या प्रती १५ दिवसांत विनामूल्य द्याव्यात.

बाहेर रसवंतीवर भाऊसाहेबांनीच मला उसाचा रस पाजला. त्यांच्याकडं तीन गावांचा कारभार आहे, घरकुलांची यादी आहे, पाणीटंचाईचे प्रस्ताव आहेत, त्यात मी. "तुमचं बरोबर आहे. पण तुम्ही आधी येऊन भेटला असता तर," ते म्हणाले. मी भेटलो असतो तर काय झालं असतं, हे मी आजही खात्रीनं सांगू शकत नाही. कदाचित पाच मिनिटांत सगळं कळलं असतं. कदाचित नसतंही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात कागद बघायला पंचायतीत गेलो. भाऊसाहेबांनी कपाट उघडायच्या आधी नमुना ९ ची वही काढली, पान उलटलं आणि माझ्यापुढं सरकवलं. आमच्या घराची पाणीपट्टी तीन वर्षांची थकीत, ३ हजार ६४० रुपये. दर वर्षी आई देते असं मला वाटायचं. दर वर्षी मी देतो असं आईला. पंचायतीतला संगणक चालवणारा केंद्रचालक पोरगा, सरपंचताईंचे यजमान, पाण्याचा शिपाई, सगळे बघत होते. मी फोन काढला, तिथल्या तिथं पैसे भरले आणि पावती घेतली. माहितीच्या अधिकाराला थकबाकी आडवी येत नाही हे मला ठाऊक होतं. पण त्या खोलीत ते बोलायची माझी हिंमत झाली नाही.

मग कागद. चारशे बारा नव्हते, अठ्ठ्याऐंशी होते.

शाळेचं काम दहा मिनिटांत संपलं. हात धुण्याचं केंद्र शाळेत आहे, फरशी लावलेलं, चार तोट्यांचं. पाणी नाही, कारण बोअर आटलाय. बिल बरोबर, मोजमाप बरोबर. मी यादीवरून ते नाव खोडलं आणि मनातल्या मनात शाळेच्या गुरुजींची माफी मागितली, कारण दरम्यान त्यांच्याविषयीही मी एकदोन ठिकाणी बोलून बसलो होतो.

गटाराच्या फायलीत मात्र एक ठराव निघाला. मासिक सभेचा, जानेवारी २०२२ चा. त्यात लिहिलं होतं की देवळाजवळच्या एका घरमालकानं आपल्या परसातून गटार न्यायला हरकत घेतल्यानं, आणि पावसाळ्यात मातंग वस्तीतल्या घरांत पाणी शिरत असल्यानं, हे काम वस्तीत करावं. म्हणजे गटार झालं होतं. आमच्या गल्लीत नाही, वस्तीत.

हरकत घेणारा घरमालक म्हणजे माझा सख्खा चुलता.

मग पोर्टलवर अजून 'मारुती मंदिर ते वेस' कसं? याचं उत्तर केंद्रचालकानं दिलं. पोर्टलवर पैसे देताना ते आराखड्यात मंजूर असलेल्या कामावरच टाकावे लागतात. कामाची जागा बदलली तर पुरवणी आराखडा करायचा, त्याला पुन्हा ग्रामसभा, पुन्हा ठराव, पुन्हा अपलोड. "मार्च तोंडावर आला होता, काका. पैसे परत जातील म्हणून जुन्याच नावावर टाकलं." प्रत्येक कामाचे आधीचे, चालू असतानाचे आणि पूर्ण झाल्यावरचे फोटो, जागेच्या अक्षांश-रेखांशासह, मोबाइल ॲपवरून चढवायचे असतात. त्याचंही तसंच. "चाळीस कामं होती. नेट पंचायतीत येत नाही, टाकीवर चढावं लागतं. एका कामाचे फोटो दुसऱ्याला लागले असतील." सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सहीशिवाय पैसा हलत नाही, ही या पद्धतीची मोठी सुरक्षितता म्हणून सांगतात. दोन्ही सह्यांची डोंगलं त्याच पोराच्या ड्रॉवरमध्ये होती, एका रबरबँडमध्ये. मला दाखवताना त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याचं स्वतःचं मानधन पाच महिने थकलेलं होतं.

घरी येऊन मी गप्प बसलो. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "वस्तीत झालं? बरं झालं. त्यांच्याकडं लई हाल होते." मग थोड्या वेळानं: "चुलत्याला इचारू नगंस."

हे प्रकरण इथंच संपलं असतं. पण अण्णा म्हणाले, "मोजलंस का?"

मोजलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, आम्ही पन्नास मीटरची फीत घेऊन वस्तीत गेलो. दोघं पोरं फितीचं टोक धरायला आपणहून आली. एका आजीनं विचारलं, "काढून नेणार काय गटार?" तिची समजूत घालायला पाच मिनिटं गेली, आणि ती पाच मिनिटं मला माझ्या सगळ्या उद्योगाची लाज वाटत होती. काम चांगलं होतं. झाकणं नीट बसलेली, उतार बरोबर. मोजमाप पुस्तिकेत ११८ मीटर. फितीवर ९२.

दुसऱ्यांदा मोजलं. ९२.

अण्णा गटाराच्या टोकाला उकिडवे बसले. "आमच्या वेळी पण व्हायचं," ते हळूच म्हणाले. "दोन-चार मीटर इकडं तिकडं. इंजिनियर टेबलावर बसून एमबी, म्हंजे मोजमाप पुस्तिका, लिवायचा, आम्ही सही करायचो. मी पण केल्यात तसल्या सह्या." इतकी वर्षं हा माणूस मला सरळमार्गी म्हणून माहीत होता. आजही आहे. पण त्या दिवसापासून मी भाऊसाहेबांविषयी जरा कमी आवाजात बोलतो.

गटविकास अधिकाऱ्यांना लेखी तक्रार दिली, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि आमची मोजणी जोडून. एका मित्राचा सल्ला होता की लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ ला फोन लाव. अण्णांनी मोडता घातला: "ते लाच मागितली तर. इथं कुणी मागितलीय तुझ्याकडं? इथं फेरमोजणी माग." ऑगस्टमध्ये बांधकाम उपविभागाचे दुसरे शाखा अभियंता आले. माझ्यासमोर, सरपंचताईंच्या यजमानांसमोर आणि ठेकेदारासमोर मोजणी झाली. गटार जिथं रस्ता ओलांडतं तिथं ठेकेदारानं खोदून दाखवलं: खाली सिमेंटचा ह्यूम पाइप होता, १४ मीटर. तो आमच्या फितीत आलाच नव्हता. ९२ आणि १४, १०६. उरले १२ मीटर. त्याचं उत्तर कुणाकडंच नव्हतं. ठेकेदार एवढंच म्हणाला, "लिवताना चूक झाली आसंल."

मी सव्वीस मीटरचा आरोप घेऊन गेलो होतो, त्यातले चौदा मातीखाली निघाले. माझ्या तक्रारीत 'अपहार' हा शब्द तीन वेळा होता. अभियंत्याच्या अहवालात 'तफावत' होता, एकदाच.

एकंदर रकमेच्या हिशेबानं १२ मीटरचे २४ हजार ५०८ रुपये होतात. वसुलीचा आदेश निघायला नोव्हेंबर उजाडला. कारवाई काय झाली म्हणाल तर मोजमाप लिहिणाऱ्या पहिल्या अभियंत्याला खुलासा मागितला आणि भाऊसाहेबांना समज दिली. ठेकेदाराचं पुढचं काम कुठंही अडलं नाही.

राहिलं पाण्याचं एटीएम. इथं माझा धंदा कामाला आला. ९८ हजार ५०० च्या बिलात १८ टक्के जीएसटी होता, म्हणजे १५ हजार २५ रुपये. बिलावरचा जीएसटी क्रमांक मी जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघितला. तोही कुणालाही बघता येतो. पुरवठादाराची नोंदणी बिलाच्या चार महिने आधीच रद्द झालेली होती. रद्द नोंदणीवर कर आकारला, पंचायतीनं दिला, आणि तो सरकारला पोचायची वाट नाही. पोर्टलवरून पोर्टल गाठायला मला तीन मिनिटं लागली. पैसे देताना हीच तीन मिनिटं कुणी घालवली नव्हती, कारण तसं करायला कुणाला सांगितलेलंच नाही. त्याची वेगळी तक्रार दिली. पंचायत समिती म्हणते हे कर खात्याचं, कर खातं म्हणतं खर्चाची तपासणी लेखापरीक्षणात होईल, आणि लेखापरीक्षण व्हायचंय. माझ्याकडं या विषयाचे सात कागद जमलेत. एटीएम अधूनमधून चालतं.

गावात माझ्याशी कुणी बोलायचं थांबलं नाही, तसा आमचा गाव नाही. पण मी पंचायतीच्या पायरीवर चढलो की आतलं बोलणं थांबतं. चुलत्याला कळलं की त्याच्या हरकतीचा कागद मी वाचलाय. दिवाळीचा फराळ आला, पण पोराच्या हाती. उलट वस्तीतली दोघं पोरं, ज्यांनी फितीचं टोक धरलं होतं, ती एका रविवारी माझ्याकडं आली. त्यांना पोर्टल कसं बघायचं ते हवं होतं. मी त्यांच्या फोनवर दाखवलं. त्यांनी पहिल्यांदा शोधलं ते समाजमंदिराच्या दुरुस्तीचं काम. मला त्याची कल्पनाही नव्हती.

आमच्या गल्लीचं गटार २०२४-२५ च्या आराखड्यात आलंय, अकराव्या क्रमांकावर. या वेळी पोर्टलवर जागेचं नाव बरोबर आहे. चुलत्याची हरकतही बहुधा कायम आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका रात्री सहज पोर्टल उघडलं. जानेवारीच्या रोकडवहीत 'आर'वालं एक नवं प्रमाणक होतं: २४ हजार ५०८ रुपये जमा. तपशिलाच्या रकान्यात कुठलं गटार, कसले मीटर, कुणाकडून वसूल, यातलं काहीच नव्हतं. रोमन लिपीत दोनच शब्द होते: 'इतर जमा'.

मी अण्णांना फोन लावला. साडेदहा वाजले होते, ते झोपले होते. काय झालं ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थांब, चश्मा घेतो. प्रमाणक क्रमांक सांग, लिहून ठेवतो."